पिंगली वेंकय्या आणि झेंड्यातला हिरवा रंग

तिरंग्याचा पहिला नमुना ज्यांच्या हातचा, ते पिंगली वेंकय्या आंध्रचे. जन्म २ ऑगस्ट १८७६, मछलीपट्टणजवळच्या भाटलापेनुमर्रु गावात. तरुणपणी इंग्रजांच्या फौजेत भरती होऊन दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धाला गेले, तिथेच गांधीजींची ओळख झाली. माणूस हरहुन्नरी. जपानी शिकले म्हणून लोक त्यांना जपान वेंकय्या म्हणायचे, कापसावर काम केलं म्हणून पत्ती वेंकय्या (तेलुगूत पत्ती म्हणजे कापूस). पण खरा ध्यास एकच, मुल्काला स्वतःचा झेंडा हवा. १९१६ साली त्यांनी तीसेक नमुन्यांची पुस्तिकाच छापली.

१९२१ मध्ये बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, काँग्रेसची बैठक होती. खिलाफतीचे दिवस, हिंदू-मुस्लिम इत्तेहाद जोरात. गांधीजींनी लाल आणि हिरव्या कापडावर चरखा मागितला. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा. चरखा ही सूचना जालंधरच्या लाला हंसराज यांची. वेंकय्यांनी तीन तासांत झेंडा करून दिला, तरी बैठकीपुढे ठेवायला उशीर झालाच. झाला ते बरंच झालं! तेवढ्यात गांधीजींच्या मनात आलं, बाकीच्या धर्मांचं काय? मग पांढरा पट्टा आला. तो सगळ्यात वर, मध्ये हिरवा, खाली लाल.

पण रंग असे वाटले की हिस्सा मागणारे येणारच. शिखांनीही आपला रंग मागितला. १९३१ मध्ये सात जणांची समिती नेमली गेली. त्यात मौलाना आझाद होते, मास्टर तारासिंग होते, आपले काकासाहेब कालेलकरही होते. समितीने अख्खा केशरी झेंडा सुचवला, तो काही मंजूर झाला नाही. ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा ठरला आणि सोबत हेही ठरलं की यातला कुठलाच रंग कुठल्या जमातीचा नाही. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा सत्य आणि शांती, हिरवा श्रद्धा आणि शौर्य.

वर्गात विचारलं तर मुलं आजही पटकन सांगतात, सर, हिरवा आपला. बेटा, ती वाटणी दहा वर्षांतच मोडली. केशरीही तुझाच आहे.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने चरख्याच्या जागी अशोकचक्र घेऊन हाच झेंडा स्वीकारला. वेंकय्या ४ जुलै १९६३ ला गेले, मुफलिसीत. त्यांच्या नावाचं डाक तिकीट निघालं ते २००९ साली.