चिक चॉकलेट : गोव्याचे ट्रंपेटवादक

आमचें कोल्हापूर हें गायनवादनाचें व चित्रपटाचें जुनें माहेर. अल्लादिया खांसाहेबांसारखे थोर गवई येथेंच शाहू महाराजांच्या आश्रयास राहिले, आणि प्रभात कंपनीची स्थापना १९२९ सालीं याच नगरींत झाली. ज्यांचें वाद्य परदेशी, पण ज्यांचे सूर आपल्याच चित्रपटांतून घरोघरीं पोहोंचले, अशा एका वादकाचें चरित्र येथील वाचकांस रुचेल, असें आम्हांस वाटतें.

त्यांचें मूळ नांव अंतोनियो झेवियर वाझ. १९१६ सालीं गोव्यांतील हळदोणें या गांवीं त्यांचा जन्म झाला. त्या वेळीं गोवा पोर्तुगीजांच्या अंमलाखालीं होता. तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना प्रार्थनागीतांबरोबर पाश्चात्य स्वरलिपि वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. पोट भरण्यासाठीं गांव सोडावें लागलेल्या कित्येक तरुणांना पुढें हीच विद्या मुंबईंत उपयोगी पडली. मुलानें यंत्रें दुरुस्त करण्याचा धंदा शिकून चार पैसे मिळवावे, अशी अंतोनियोच्या आईची इच्छा होती. आईची काळजी खोटी नव्हती. वादकाच्या मिळकतीचा भरंवसा कोणी द्यावा? परंतु मुलाचें चित्त ट्रंपेटवर जडलें होतें.

जाझ हें अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांनीं निर्माण केलेलें संगीत. मुख्य चाल ठरलेली असली तरी वादक ऐन वेळीं तिला आपल्या कल्पनेनें नवें रूप देतो. आपले गवई रागाची बढत करतात, कांहींसें त्यासारखेंच. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला आणि हें संगीत येथील वादकांना प्रत्यक्ष ऐकावयास मिळूं लागलें. न्यू ऑर्लिन्स शहरीं गरिबींत वाढलेले लुई आर्मस्ट्राँग हे या कलेचे अग्रणी. अंतोनियो यांनीं त्यांनाच गुरुस्थानीं मानलें. त्यांच्यासारखा खरखरीत आवाज काढून गाणें, हातरुमालानें कपाळ टिपणें, या लकबीहि त्यांनीं उचलल्या. चिक चॉकलेट हें नांव घेऊन ते रंगमंचावर येऊं लागले, आणि लोक त्यांना हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणूं लागले. १९४५ च्या सुमारास त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलांत वाजवीत होता. पुढें ते खुद्द ताजमध्येंहि वाजवूं लागले.

१९४९ सालीं मुंबई प्रांतांत दारूबंदीचा कायदा झाला व हॉटेलांतील नृत्यांच्या रात्री रोडावल्या. तेव्हां अनेक गोमंतकीय वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनीं चिक यांचे गुण हेरले. संगीतदिग्दर्शकानें चाल बांधावी आणि स्वरलिपि जाणणाऱ्या साहाय्यकानें प्रत्येक वाद्याचे सूर कागदावर उतरवावे, अशी त्या वेळची रीत होती. १९५१ सालच्या मास्टर भगवान यांच्या ‘अलबेला’ चित्रपटांत तर चिक आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरच अवतरले. त्याच वर्षीं ‘नादान’ या चित्रपटाला त्यांनीं स्वतंत्रपणें संगीत दिलें.

अमेरिकेंत आर्मस्ट्राँग दूरचित्रवाणीवरील एड सलिव्हन यांच्या मनोरंजनाच्या कार्यक्रमांतून लाखो कुटुंबांसमोर येत होते. आमच्याकडे मुंबईस दूरचित्रवाणी १९७२ सालीं आली; चिक मात्र १९६७ सालींच निवर्तले होते. म्हणून त्यांना घरोघरच्या पेटींत कोणी पाहिलें नाहीं. पाहिलें तें चित्रगृहाच्या पडद्यावर, आणि तेंहि थोडा वेळच.

तरीहि ते भाग्यवान म्हटले पाहिजेत, कारण त्यांचा चेहरा तरी उरला. त्यांच्याबरोबर व्हायोलिन, सॅक्सोफोन, ड्रम वाजविणाऱ्या कितीतरी वादकांचीं नांवें चित्रपटाच्या श्रेयनामावलींत कधीं आलींच नाहींत. गीत गाजलें, गायकाचा जयजयकार झाला. पण त्या गीताला उठाव देणारा वादक दिवसाची मजुरी घेऊन मुकाट्यानें घरीं गेला. हा अन्याय आतां भरून निघणें कठीण आहे.

तथापि विद्यार्थ्यांनीं दोन गोष्टी ध्यानीं धराव्या. गांवच्या शाळेंत शिकविलेली विद्या तेव्हां क्षुल्लक वाटली, तरी ती कोठें उपयोगी पडेल हें सांगतां येत नाहीं. आणि पुढच्या वेळीं एखादें जुनें गीत कानीं पडेल, तेव्हां गायकाच्या आवाजामागचें वाद्यहि क्षणभर लक्ष देऊन ऐकावें. नांव ठाऊक नसलेल्या वादकांचें इतकें ऋण तरी आपणां सर्वांस फेडतां येण्याजोगें आहे.