अनोळखी अतिथींचे आश्रयदाते : गुब्बी तोटदप्पा

गुब्बी तोटदप्पा (१८३८–१९१०) यांनी बंगळूरच्या मामूलपेठेत व्यापार करून विपुल धन मिळविले. परंतु त्यांस अपत्य नव्हते. परगावाहून आगगाडीने आलेल्या निराश्रित माणसास शहरात पाठ टेकण्यास जागा मिळणे कठीण. अनोळखी माणसास घरात घेण्यास लोक कचरतात. तोटदप्पांनी अशांनाच जणू आपले वारस मानले. त्यांनी रेल्वे स्थानकाजवळ उभारलेल्या धर्मशाळेचे उद्घाटन १९०३ साली महाराज कृष्णराज वडियार यांच्या हस्ते झाले. प्रवाशांस व विद्यार्थ्यांस तेथे आश्रय मिळू लागला. पुढे महाराजांनी त्यांस ‘धर्मप्रवर्त’ ही पदवी दिली.

परतफेडीची आशा न धरता, योग्य स्थळी व योग्य वेळी दिलेले दान गीतेने सात्त्विक मानले आहे. निराश्रिताविषयी संशय बाळगण्यापूर्वी त्यास निवारा द्यावा, हाच या चरित्राचा बोध होय.