डॉ. होमी भाभा : एका चुकलेल्या भाकिताची गोष्ट

– बी. ए. भाग २

भारतातील अणुयुगाचे शिल्पकार म्हणून डॉ. होमी भाभा यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण त्यांनी जगासमोर केलेले एक भाकीत चुकले आणि तरीही ते वाया गेले नाही, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुखवस्तू पारशी घराण्यात झाला. १९२७ साली ते केंब्रिजला गेले. मुलाने अभियंता व्हावे ही वडिलांची इच्छा, तर मुलाचा ओढा पदार्थविज्ञानाकडे. वडिलांचा शब्द राखून १९३० साली ते अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि मगच त्यांनी आपली वाट धरली. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन हे विद्युत्भारित कण एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे त्यांनी मांडलेले गणित आजही त्यांच्याच नावाने शिकवले जाते. १९३९ साली ते सुट्टीसाठी मायदेशी आले असता महायुद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. अध्यक्ष होते भाभा. अणू फोडून नव्हे, तर सूर्याप्रमाणे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवणे वीस वर्षांत माणसाला साधेल, असे त्यांनी भर सभेत सांगितले. बड्या राष्ट्रांत हे संशोधन तोवर गुप्तपणे चालले होते. भाभांच्या भाषणाने विषयाला वाचा फुटली आणि १९५८ च्या दुसऱ्या परिषदेत त्या राष्ट्रांनी आपले काम जगापुढे ठेवले.

वीस वर्षे सरली, पण ते पाहायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जाताना त्यांचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले.

अडचण कोठे आली? अणू जोडायला कोट्यवधी अंशांची उष्णता लागते. एक मार्ग असा की, मिरीएवढ्या गोळीत इंधन भरून ती चहूबाजूंनी इतक्या झटक्यात दाबायची की विखुरण्याआधीच ते पेटावे. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये लेसरने हे साधले. दिलेल्या ऊर्जेच्या दीडपट ऊर्जा निघाली, पण लेसर चालवायला त्याहून कितीतरी अधिक वीज लागली. म्हणून काही शास्त्रज्ञ जड आयनांचे झोत वापरू पाहतात, कारण त्यांची वेगवर्धक यंत्रे विजेबाबत अधिक काटकसरी असतात. मात्र सारे आयन धनभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात. चुंबकांनी झोत वळवावा व आवळावा लागतो, शिवाय लांबीतही दाबावा लागतो. त्यासाठी पुढच्या आयनांचा वेग कमी व मागच्यांचा जास्त ठेवतात. हिंगणघाटच्या बाजाराला निघालेल्या कापसाच्या बंड्यांची रांग डोळ्यांपुढे आणा. पुढची सावकाश आणि मागच्या भरधाव निघाल्या, तर साऱ्या एकदमच दारात पोचतील. येथे ही गाठ सेकंदाच्या सुमारे दहा कोटीव्या भागात पडावी लागते! आजही अशा विजेवर एकाही घरात दिवा लागलेला नाही.

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली आमच्यासारखी मुले वर्गात हात वर करताना कचरतात. चुकले तर लोक हसतील, ही भीती. अवघ्या आठ वर्षांच्या स्वतंत्र देशाचा एक माणूस मात्र जगापुढे बोलला. त्याचा वर्षांचा हिशेब चुकला, पण बंद दारे उघडायला त्याचे ते बोलणेच कामी आले.