ग्रुन्त्झिग यांचा फुगा

हृदयाच्या एकाहून अधिक धमन्या तुंबलेल्या काही निवडक रुग्णांवर आता दुहेरी उपचार केले जातात. छातीचे मधले हाड न कापता, डाव्या बाजूच्या लहान छेदातून शल्यविशारद छातीतील धमनी हृदयाच्या पुढच्या धमनीला जोडतात. उरलेल्या अडथळ्यांत हृदयरोगतज्ज्ञ स्टेंट बसवतात. १९९० च्या दशकात सुरू झालेल्या या पद्धतीतील स्टेंटचे मूळ झुरिचमधील एका स्वयंपाकघरात आहे.

डॉ. अँड्रियास ग्रुन्त्झिग यांचा जन्म २५ जून १९३९ रोजी ड्रेस्डेन येथे झाला. पूर्व जर्मनी सोडून ते हायडेलबर्गला वैद्यक शिकले आणि पुढे झुरिचला आले. पायाची तुंबलेली धमनी क्रमाक्रमाने जाड नळ्या घालून रुंद करण्याचा मार्ग अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्येच दाखविला होता. ग्रुन्त्झिग यांना मात्र नळीच्या टोकाशी फुगा हवा होता, तोही ठरावीक आकारापलीकडे न फुगणारा. दिवसभराचे काम आटोपले की घरच्या टेबलावर पत्नी आणि सहायिकेसह त्यांचा हा खटाटोप चाले. १९७४ मध्ये पायाच्या धमनीत फुगा यशस्वी ठरला. हृदयाच्या बाबतीत मात्र अनेकांना तो निव्वळ वेडेपणा वाटला.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचच्या विद्यापीठ रुग्णालयात त्यांनी ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयाची पुढची धमनी फुग्याने उघडली. रुग्ण पूर्ण शुद्धीत होता. धमनी ऐनवेळी बंद पडली असती तर तातडीच्या बायपासखेरीज उपाय नव्हता. म्हणून शल्यविभाग सज्ज ठेवला होता. विभागप्रमुख ओके सेनिंग यांचा हा मोठेपणा म्हटला पाहिजे, कारण या फुग्यामुळे शस्त्रक्रियेचे रुग्ण कमी होण्याचाच संभव होता.

१९८० मध्ये ग्रुन्त्झिग अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेले. उघडलेल्या अनेक धमन्या काही महिन्यांतच पुन्हा आकसत, हे शल्य त्यांना शेवटपर्यंत राहिले. त्यावरचा पुढचा उपाय, स्टेंट, मानवी हृदयात प्रथम १९८६ मध्ये बसला. तो पाहण्यास ते नव्हते. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी खराब हवामानात स्वतःचे विमान चालवीत असताना जॉर्जियात झालेल्या अपघातात ते व त्यांची दुसरी पत्नी मृत्युमुखी पडले. वय अवघे ४६.

फुग्याने सर्वप्रथम उघडलेली ती पुढचीच धमनी दुहेरी उपचारांत शल्यविशारदांकडे सोपविली जाते. तेथे छातीतील धमनीचा जोड अधिक टिकतो. झुरिचच्या त्या पहिल्या रुग्णाची धमनी मात्र १९८७ च्या तपासणीतही खुलीच होती.