औषधावर हक्क कोणाचा? मेजर जनरल साहिबसिंग सोखी यांची झुंज

शिरपूर (प्रतिनिधी) : पावसाळा सुरू झाला की सातपुड्याच्या पायथ्याशी सर्पदंशाच्या घटना वाढतात. बोराडी, सांगवीच्या पलीकडील पाड्यांवरून रुग्णाला घेऊन निघालेल्या नातेवाइकांच्या मनात तेव्हा एकच प्रश्न असतो, दवाखान्यात लस असेल का? ही लस बनविणाऱ्या संस्थांमध्ये मुंबईच्या परळ येथील हाफकिनचे नाव महाराष्ट्राला चांगलेच परिचित आहे. ज्या शास्त्रज्ञाच्या नावाने ही संस्था ओळखली जाते, ते वाल्डेमार हाफकिन पाठ्यपुस्तकांतून घरोघरी पोहोचले. मात्र याच संस्थेची धुरा सतरा वर्षे वाहणारे आणि औषध हे नफ्याचे साधन नसून जनतेचा हक्क आहे, या भूमिकेसाठी आयुष्य वेचणारे मेजर जनरल सर साहिबसिंग सोखी आज विस्मरणात गेले आहेत.

औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाचे केंद्र म्हणून शिरपूरने नाव मिळविले आहे. येथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी तरी या माणसाची ओळख करून घ्यावी, असे त्यांचे कार्य आहे. आपल्या देशात औषधे जगाच्या तुलनेत स्वस्त कशी झाली, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग त्यांच्या चरित्रात दडलेला आहे.

लष्करी डॉक्टर ते संचालक

१५ डिसेंबर १८८७ रोजी जन्मलेले सोखी पंजाबचे. लाहोरला शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे वैद्यकीय पदवी संपादन केली आणि १९१३ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. ही सेवा म्हणजे त्या काळी इंग्रज डॉक्टरांची मिरासदारी होती. भारतीय अधिकाऱ्याला वरच्या जागा क्वचितच मिळत. अशा काळात १९३२ मध्ये हाफकिन संस्थेच्या संचालकपदी सोखी यांची नियुक्ती झाली. या पदावर बसणारे ते पहिले भारतीय ठरले.

हाफकिन संस्थेचा जन्मच संकटातून झालेला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पाहता पाहता तो इलाख्यात पसरला. गावे ओस पडली, माणसे शेतात झोपड्या घालून राहू लागली. हाफकिन यांनी प्लेगची लस शोधली आणि १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचल्यानंतर धनुर्वाताने १९ जण दगावले. सरकारने ठपका हाफकिन यांच्यावर ठेवला. त्यांना निर्दोष ठरविण्यास १९०७ साल उजाडले. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. सरकारी आरोग्य यंत्रणेतील निर्णय शास्त्राच्या कसोटीवर होतात की अधिकाऱ्यांच्या सोयीने, हा प्रश्न सोखी यांना या वास्तूबरोबर वारशातच मिळाला.

सोखी यांनी संस्थेचे रूप पालटून टाकले. प्लेगची लस पूर्वी मांसरसावर जंतू वाढवून तयार होत असे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधातील केसीन या प्रथिनापासून बनविलेले माध्यम वापरात आणले. सल्फा गटातील नवी औषधे प्लेगच्या रुग्णांवर कितपत गुणकारी ठरतात, याची पद्धतशीर तपासणी त्यांच्याच कारकिर्दीत झाली. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झालेले डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित हे त्यांच्या हाफकिनमधील सहकाऱ्यांपैकी एक.

कलेच्या क्षेत्रातही सोखी हे नाव गाजत होते. त्यांच्या पत्नी लीला या मेनका नावाने विख्यात होत्या. कथक नृत्याला रंगमंचावर प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या या कलावतीने १९३६ मध्ये बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत आपल्या संचासह यश मिळविले आणि खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले.

सरकारी नोकर, काँग्रेसची समिती

१९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली. पंडित जवाहरलाल नेहरू तिचे अध्यक्ष आणि के. टी. शहा सचिव होते. स्वतंत्र भारताचा कारभार कसा असावा, याचा आराखडा करण्यासाठी अनेक उपसमित्या नेमल्या गेल्या. त्यांतील राष्ट्रीय आरोग्य उपसमितीचे अध्यक्षपद सोखी यांच्याकडे आले. अंगावर इंग्रज सरकारचा लष्करी गणवेश आणि हातात काँग्रेसच्या समितीचे काम, असा हा प्रसंग होता.

या उपसमितीने १९४० पर्यंत ज्या शिफारशी पुढे ठेवल्या, त्यांतील दोन अत्यंत धाडसी होत्या. पहिली, दर एक हजार लोकसंख्येमागे एक आरोग्यसेवक असावा. स्वच्छता, प्रथमोपचार आणि साधे औषधोपचार यांचे शिक्षण देऊन तो लवकरात लवकर खेड्यात पाठवावा, डॉक्टरांची संख्या पुरेशी होईपर्यंत खेड्यांना वाट पाहायला लावू नये. दुसरी शिफारस त्याहून तिखट होती. माणसांच्या किंवा जनावरांच्या उपचारासाठी लागणाऱ्या कोणत्याही पदार्थाचे पेटंट कोणत्याही कंपनीला, मग ती देशी असो वा विदेशी, मिळू नये आणि घटक लपवून विकली जाणारी गुप्त औषधे बंद करावीत, अशी ती शिफारस होती.

यातील देशी हा शब्द महत्त्वाचा आहे. परक्या कंपनीला हटवून तिच्या जागी आपला शेठ बसविणे, एवढ्यापुरता सोखी यांचा स्वदेशीचा अर्थ मर्यादित नव्हता. रोग्याच्या गरजेवर कोणाचीच मक्तेदारी असू नये, असा त्यांचा आग्रह होता.

दोन्ही शिफारशी कागदावरच राहिल्या. नेहरू तुरुंगात गेले आणि युद्धाच्या धामधुमीत समितीचे काम थंडावले. सरकारने १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना या अहवालाने रुजविली खरी, परंतु तिचा भर पूर्ण शिक्षित डॉक्टरांवर होता. खेड्यातील आरोग्यसेवक मागे पडला. त्याच १९४६ मध्ये इंग्रज सरकारने सोखी यांना सर हा किताब दिला, हाही एक विरोधाभासच.

पिंपरीचा कारखाना

१९४९ मध्ये मेजर जनरलच्या हुद्द्यावर सोखी निवृत्त झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेचे सहायक महासंचालक म्हणून जिनिव्हाला गेले. तो काळ पेनिसिलिनचा होता. युद्धात लाखो जखमींना जीवदान देणारे हे औषध भारतात मात्र परदेशातून आणावे लागे. येथील बहुतेक कंपन्या तयार औषध मागवून बाटल्यांत भरून विकत. औषधाची मूळ रसायने आपल्या देशात तयार झाली नाहीत, तर स्वातंत्र्य अपुरेच राहील, हे सोखी यांचे ठाम मत होते.

पेनिसिलिनच्या सरकारी कारखान्यासाठी परदेशी कंपन्यांशी बोलणी झाली. अखेर भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्याशी करार केला. युनिसेफने यंत्रसामग्री द्यायची आणि आरोग्य संघटनेने तांत्रिक मार्गदर्शन करायचे, असे ठरले. यातून १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू झाले. ज्ञान विकत न घेता आंतरराष्ट्रीय सहकार्यातून मिळविता येते, हे पिंपरीने दाखवून दिले.

संसदेत आणि संसदेबाहेर

१९५२ मध्ये राज्यसभा अस्तित्वात आली, तेव्हा राष्ट्रपतींनी नियुक्त केलेल्या पहिल्या बारा सदस्यांत सत्येंद्रनाथ बोस, काकासाहेब कालेलकर, रुक्मिणीदेवी अरुंडेल, पृथ्वीराज कपूर यांच्या पंक्तीत सोखी यांचाही समावेश होता. १९५३ मध्ये सोव्हिएत संघाने त्यांना शांततेसाठीचा स्टालिन पुरस्कार दिला. या पुरस्काराने त्यांचा गौरव झाला, तसेच विरोधकांच्या हाती कोलीतही मिळाले. त्यांच्या औषधविषयक भूमिकेवर डाव्या विचारांचा शिक्का मारणे सोपे झाले.

१९५६ मध्ये सोव्हिएत तज्ज्ञांचे पथक भारतात आले. मूळ रसायनांपासून तयार औषधांपर्यंत सर्व टप्पे सरकारी क्षेत्रात उभारण्याची योजना त्यांनी सुचविली. सोखी हे तिचे खंदे पुरस्कर्ते होते. दुसऱ्या बाजूला अमेरिकी आणि युरोपीय कंपन्या करारांचे प्रस्ताव घेऊन दिल्लीत फेऱ्या मारू लागल्या. सरकारमध्येही दोन तट पडले. खासगी कंपन्यांशी हातमिळवणी करून तंत्रज्ञान लवकर मिळवावे, असे एका तटाचे म्हणणे होते. अशा करारांमुळे देश कायमचा परावलंबी होईल, अशी धास्ती दुसऱ्या तटाला वाटत होती. निकाल लागला तो दोन्हींच्या मधला. पिंपरीच्या कारखान्याने १९५८ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनसाठी मर्क या अमेरिकी कंपनीशी करार केला. १९५९ मध्ये सोव्हिएत संघाशी औषध कारखान्यांचा करार झाला आणि १९६१ मध्ये इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स लिमिटेड अर्थात आयडीपीएल स्थापन झाली. हृषीकेश आणि हैदराबादला तिचे मोठे कारखाने उभे राहिले.

सोखी यांचे सारेच आडाखे बरोबर ठरले, असे म्हणता येणार नाही. सोव्हिएत तंत्रज्ञान काही बाबतींत मागासलेले निघाले. हृषीकेशच्या कारखान्यातील उत्पादनक्षमता आणि चेन्नईच्या कारखान्यातील शस्त्रक्रियेची उपकरणे यांवर पुढे बरीच टीका झाली. कंपनीच्या नफ्याऐवजी सरकारी अधिकाऱ्याचा कारभार आणला की औषध आपोआप स्वस्त आणि चांगले होते, हा विश्वास भाबडा होता. तथापि, मूळ रसायने बनविण्याचे कौशल्य असलेले तंत्रज्ञ या कारखान्यांनी घडविले. पुढे खासगी औषध उद्योगाचे एक मोठे केंद्र म्हणून हैदराबाद उभे राहिले, त्याच्या पायात आयडीपीएलचे दगड आहेत.

पेटंटची लढाई

खरी लढाई १९११ च्या पेटंट कायद्याशी होती. इंग्रज राजवटीतील हा कायदा औषधावर सोळा वर्षांचा एकाधिकार देत असे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीने १९५९ मध्ये दिलेल्या अहवालातून दिसून आले की, देशातील ऐंशी ते नव्वद टक्के पेटंट परकीयांच्या हाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य पेटंटांवर येथे उत्पादन होतच नाही. तिकडे अमेरिकेत सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने औषधांच्या किमतींची चौकशी केली. औषधांच्या बाबतीत भारत हा जगातील सर्वांत महागड्या देशांपैकी एक असल्याचे त्या समितीने नमूद केले. गरीब देशाने सर्वाधिक किंमत मोजावी, याहून मोठा अन्याय कोणता?

कंपन्यांचा विरोध, विधेयकांची चालढकल, समित्यांवर समित्या असे दशक गेले. अखेर १९७० मध्ये नवा पेटंट कायदा संमत झाला. औषधाच्या पदार्थाला पेटंट मिळणे बंद झाले. केवळ ते बनविण्याच्या पद्धतीला, तेही अल्पकाळासाठी, संरक्षण उरले. तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनविण्याची वाट भारतीय कारखान्यांना खुली झाली. तीस वर्षांपूर्वी सोखी यांच्या उपसमितीने मागितले होते, त्याच्या बरेच जवळ जाणारे हे पाऊल होते.

२० एप्रिल १९७२ रोजी हा कायदा अमलात आला. तो दिवस पाहणे सोखी यांच्या नशिबी नव्हते. २३ ऑक्टोबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले होते.

आजचा हिशेब

या कायद्याचे मोल जगाला २००१ मध्ये कळले. एड्सवरील औषधांसाठी रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असताना मुंबईच्या सिप्ला कंपनीने ती साडेतीनशे डॉलरमध्ये देऊ केली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ पासून औषधांवरील पेटंट भारतात परत आले, मात्र किरकोळ बदल करून पेटंट लांबविण्यास कायद्याने आडकाठी ठेवली. २०१३ मध्ये कर्करोगावरील ग्लिव्हेक औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही आडकाठी उचलून धरली.

दुसरीकडे, सरकारी कारखाने आजारी पडले. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयडीपीएल बंद करण्याचा आणि पिंपरीचा कारखाना विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला. ज्या पेनिसिलिनसाठी पिंपरी उभी राहिली, त्याचा कच्चा माल भारत वर्षानुवर्षे चीनकडून घेत राहिला. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत पुरवठ्याची साखळी डळमळली, तेव्हा मूळ रसायने देशातच बनविण्यासाठी केंद्राला प्रोत्साहन योजना जाहीर करावी लागली. सोखी यांनी ज्याबद्दल सत्तर वर्षांपूर्वी सावध केले होते, तेच पुढ्यात आले.

आणि खेड्यातील आरोग्यसेवक? राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून २००५ मध्ये आशा कार्यकर्ती आली. तिचे प्रमाणही दर हजार लोकसंख्येमागे एक असेच ठरले. तिला सेवक म्हणायचे की स्वयंसेविका, तिच्या हाती वेतन द्यायचे की मानधन, हा वाद मात्र संपलेला नाही.

परळमध्ये बसून सोखी यांनी जो हिशेब मांडला, त्याची खरी परीक्षा परळमध्ये होत नाही. सर्पदंश झालेल्या मजुराला वेळेत लस मिळाली का, पाड्यावरच्या आईला तापाची गोळी परवडली का, येथे ती होते. औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन शिरपुरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तरुणापुढे हा हिशेब आजही उघडा आहे.