यादी कुठाय?

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. मराठी विभागासाठी लिहायचंय म्हटल्यावर आईने लगेच झाशीची राणी सुचवली. पण गेल्या सेमला आमच्या वर्गात एक प्रकार घडला आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच माणूस बसलाय. अमेरिकेचा रेडिओ-टीव्ही पत्रकार एडवर्ड मर्रो. (आडनाव मराठीत सरळ लिहिलं तर शाप दिल्यासारखं वाचलं जातं, म्हणून मधे एक र मी जास्तीचा घातलाय!)

प्रकार तसा साधाच. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सात नावांची एक यादी आली. हे सातजण पैसे देऊन जर्नल लिहून घेतात म्हणे. यादी कोणी केली, कशावरून केली, काही पत्ता नाही. मी वाचली, बाप रे म्हटलं आणि दुसऱ्या ब्रँचमधल्या मैत्रिणीला फॉरवर्ड केली. त्याच आठवड्यात हॉस्टेलवर ‘गुड नाइट, अँड गुड लक’ हा २००५ चा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा बघितला. त्यातही एक यादी होती. मग मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचत सुटले.

मर्रोचा जन्म २५ एप्रिल १९०८ चा, नॉर्थ कॅरोलिनातल्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरी. खरं नाव एग्बर्ट. ते त्याला अजिबात आवडायचं नाही, म्हणून कॉलेजात असताना बदलून टाकलं. तो लहान असतानाच घरचे पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, राहायला गेले. तिथे वडील लाकडं वाहणाऱ्या रेल्वेचं इंजिन चालवायचे आणि मर्रो सुट्टीत लाकूडतोडीच्या कॅम्पवर राबायचा. १९३० साली पदवी घेतली. कॉलेजात आयडा लू अँडरसन नावाच्या बाईंनी त्याला बोलायला शिकवलं. पोलिओमुळे बाईंचं शरीर साथ देत नव्हतं, पण पुढे हाच विद्यार्थी लंडनहून बोलायला लागला तेव्हा सुरुवातीच्या शब्दानंतर किंचित थांब, हा सल्ला त्यांचाच. तो छोटासा पॉज म्हणजे मर्रोची ओळखच बनला.

कॉलेजनंतर तो काही काळ एका शैक्षणिक संस्थेत होता. हिटलरने हाकलून दिलेल्या जर्मन प्राध्यापकांना अमेरिकेत आणून नोकऱ्या मिळवून द्यायचं काम तिथे त्याने केलं. म्हणजे निवडून आलेलं सरकार असलेल्या देशाचं काय होऊ शकतं, हे त्याने त्या माणसांच्या तोंडूनच ऐकलं होतं. १९३५ ला तो सीबीएस रेडिओत लागला, १९३७ ला लंडनला गेला. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा विमान भाड्याने घेऊन हा व्हिएन्नाला पोहोचला आणि तिथून बोलला. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना गच्चीवर उभा राहून तो अमेरिकेला तिथले आवाज ऐकवायचा. एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत जाऊन आला आणि जे दिसलं ते सांगितलं.

आता यादीकडे येऊ. फेब्रुवारी १९५० मध्ये विस्कॉन्सिनचा सिनेटर जोसेफ मॅकार्थी याने एका भाषणात जाहीर केलं की परराष्ट्र खात्यातल्या २०५ कम्युनिस्टांची यादी आपल्याकडे आहे. पुढे हा आकडा ५७ झाला, मग ८१ झाला. यादी काही कोणाला दिसली नाही! पण पेपरवाल्यांनी छापलं. का छापलं? तर तेव्हाचा नियम असा की सिनेटर बोलला म्हणजे बातमी. तो खरं बोलतोय की खोटं, हे सांगणं वार्ताहराचं काम नाही. मॅकार्थीने हे बरोबर ओळखलं होतं. पेपर छपाईला जायच्या तोंडावर तो आरोप करायचा, म्हणजे तपासायला वेळच उरायचा नाही. आरोप पहिल्या पानावर आणि खुलासा कुठेतरी आत. आम्ही ईएनटीसीवाले अ‍ॅम्प्लिफायर शिकतो, त्याला सिग्नल आणि नॉइज दोन्ही सारखेच. पेपरांचं तेच झालं.

मिलार्ड टायडिंग्ज या सिनेटरच्या समितीने आरोप तपासले आणि ते खोटे ठरवले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत टायडिंग्ज एका कम्युनिस्ट पुढाऱ्याशेजारी उभा असल्याचा फोटो वाटला गेला. दोन वेगळे फोटो जोडून केलेला. १९५० साली, फोटोशॉप नसताना! टायडिंग्ज पडला. मग बाकीच्या सिनेटरांनी तोंड कशाला उघडावं? लोकशाही वरवर तशीच होती. निवडणुका होत होत्या, कोर्टं चालू होती. फक्त पुराव्याशिवाय कोणाला दोषी म्हणू नये ही साधी सवय गेली होती.

आणि आपला हिरो? खरं सांगायचं तर तो बराच वेळ गप्प होता. १९५० च्या शेवटी सीबीएसने कर्मचाऱ्यांकडून निष्ठेचा फॉर्म भरून घेतला, त्यावर मर्रोनेही सही केली. व्यंगचित्रकार हर्ब्लॉक वगैरे मंडळी मॅकार्थीवर आधीपासून तुटून पडत होती. हे वाचून मी थोडी हिरमुसले.

ऑक्टोबर १९५३ मध्ये त्याने आणि निर्माता फ्रेड फ्रेंडली याने ‘सी इट नाऊ’ या टीव्ही कार्यक्रमात मायलो रॅडुलोविचची गोष्ट दाखवली. हा हवाई दलाच्या राखीव फौजेतला लेफ्टनंट, सव्वीस वर्षांचा, फिजिक्सचा विद्यार्थी. त्याच्यावर आरोप काय, तर वडिलांकडे एक सर्बियन पेपर येतो आणि बहिणीची मतं डावी आहेत. पुरावा सीलबंद पाकिटात, आणि सुनावणीत ते पाकीट उघडलंसुद्धा नाही. कार्यक्रमानंतर साधारण पाच आठवड्यांत त्याची कमिशन वाचली.

मग ९ मार्च १९५४. चॅनेलने जाहिरात करायला नकार दिला, म्हणून मर्रो आणि फ्रेंडलीने १५०० डॉलर खिशातून घालून पेपरात जाहिरात दिली. अर्धा तास त्यांनी केलं काय, तर मॅकार्थीच्याच भाषणांचे आणि सुनावण्यांचे तुकडे लावले आणि प्रत्येकानंतर खरं काय ते सांगितलं. बस्स. शेवटी मर्रोने कॅमेऱ्यात बघून सांगितलं की ही भीती मॅकार्थीने निर्माण केलेली नाही, त्याने फक्त तिचा फायदा उठवला, आणि दोष आपल्या सगळ्यांचाच आहे. ६ एप्रिलला मॅकार्थीला उत्तरासाठी त्याच कार्यक्रमाचा वेळ दिला. त्यात त्याने मर्रोलाच कम्युनिस्टांचा हस्तक ठरवायचा प्रयत्न केला. पुढे लष्कराबरोबरच्या भांडणाची सुनावणी टीव्हीवर दाखवली गेली आणि लोकांनी हा माणूस घरात बसून ३६ दिवस बघितला. २ डिसेंबर १९५४ ला सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याच्या वागण्याचा निषेध केला. त्याला मोठं पेपरांनी केलं, उघडा टीव्हीने पाडला.

पण टीव्हीने मर्रोलाही सोडलं नाही. १९५५ मध्ये बक्षिसांचे क्विझ शो आले, जाहिरातींचा पैसा तिकडे वळला. ‘सी इट नाऊ’ १९५८ ला बंद झालं. त्याच ऑक्टोबरमध्ये शिकागोला वृत्तसंपादकांसमोर त्याने स्वतःच्याच धंद्याला खडे बोल सुनावले. १९६१ मध्ये केनेडींनी त्याला सरकारच्या प्रसिद्धी खात्याचा प्रमुख केलं. तिथे गेल्यावर याने काय करावं? शेतमजुरांच्या हालांवर स्वतः केलेला कार्यक्रम बीबीसीने दाखवू नये, असं सांगून बघितलं! बीबीसीने दाखवलाच. सतत सिगरेट ओढणारा हा माणूस २७ एप्रिल १९६५ ला फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेला. वय ५७.

तर असा हा माणूस. उशिरा बोललेला, मधे चुकलेला, पण जेव्हा बोलला तेव्हा पुरावा समोर ठेवून आणि समोरच्यालाही वेळ देऊन बोललेला.

आता आमची यादी. त्यातल्या एका मुलाने नंतर लॅबमध्ये आमच्याबरोबर बसणं सोडलं. ओरलला सरांनी त्याला मुद्दाम सगळे एक्सपरिमेंट विचारले. त्याने न अडखळता सांगितले, सर्किट डायग्राम काढून दाखवले. मी बाहेर रांगेतच होते. पण ही बातमी ग्रुपवर कोणी टाकली नाही. मीही नाही.

मित्रमैत्रिणींनो, उद्या आपण मतदान करणार (काहींनी तर केलंही असेल), तेव्हाही अशा याद्या येतीलच. तेव्हा तिघांनी जरी विचारलं ना, की यादी कुठून आली आणि ज्याचं नाव आहे त्याला कोणी विचारलं का, तरी खूप झालं. मर्रोला बोलायला चार वर्षं लागली, मला चार महिने लागले. ती यादी मी पुढे पाठवली होती. हा खुलासा पुढे पाठवायला माझी काहीच हरकत नाही.