हंगाम नसलेला शिकारी

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. हौदा घातलेला हत्ती, आरडाओरडा करणारे हाकारे, रायफलीवर हात टेकून उभा असलेला साहेब किंवा संस्थानिक आणि त्याच्या पायाशी पडलेला वाघ. इंग्रजी अमदानीत या शिकारीला हंगाम असे. हंगाम जवळ आला की तंबू बाहेर निघत, बंदुकांना तेलपाणी होई, सुस्तावलेली शरीरे रोजच्या घोडदौडीने पुन्हा ताळ्यावर आणली जात. हंगाम संपला की बंदूक पेटीत आणि साहेब क्लबात.

जिम कॉर्बेट हे नाव पुष्कळजण याच मालिकेत बसवतात. परंतु कॉर्बेट यांचे खरे काम होते नरभक्षक वाघ-बिबळ्यांचा बंदोबस्त करण्याचे, आणि नरभक्षकाला हंगाम नसतो. तो पावसाळ्यात माणूस उचलतो, तसाच ऐन थंडीतही उचलतो. सांगावा आला की निघायचे, मग अंगात ताप असो की कानात ठणका. अशा माणसाने आपले शरीर कसे घडवले आणि ते खचले तेव्हा पुन्हा कसे उभे केले, हे पाहण्यासारखे आहे.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील ख्रिस्तोफर हे तेथले पोस्टमास्तर. घरात माणसे पुष्कळ आणि मिळकत बेताची. १८८१ मध्ये वडील वारले तेव्हा जिम अगदी लहान होता. पुढे संसाराचा गाडा आईने ओढला. उन्हाळ्यात हे कुटुंब नैनितालला राही आणि थंडी पडली की पंधरा मैल खाली, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कालाढुंगीला उतरे. कालाढुंगीचे जंगल हीच जिमची खरी शाळा. आधी गलोल, मग तीरकमठा आणि मग एक जुनी ठासणीची बंदूक त्याच्या हाती आली. या बंदुकीच्या दोन नळ्यांपैकी एक फुटलेली होती आणि मोडका दस्ता तारेने बांधलेला होता. म्हणजे बार एकच. तो फुकट गेला तर पुन्हा ठासत बसायचे. मोडक्या बंदुकीने या मुलाला पहिला धडा दिला तो हा, की बार उडवण्याआधी जवळ जायला शिकले पाहिजे. जवळ जायचे तर पाऊल वाजता कामा नये, वाऱ्याची दिशा कळली पाहिजे, भेकर कशाला भुंकले आणि वानर कोणाला पाहून खेकसले हे कानाने ओळखता आले पाहिजे.

जिमला इंजिनिअर व्हायचे होते. पण पुढच्या शिक्षणाला पैसा नव्हता. अठराव्या वर्षी शाळा संपवून तो रेल्वेच्या नोकरीला लागला. आमच्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलांना या एका वाक्यातले दुःख समजावून सांगावे लागणार नाही. साहेबाच्या जातीत जन्मलेल्या मुलालाही फीपायी शिक्षण सोडावे लागले, हे वाचून मला प्रथम आश्चर्य वाटले आणि नंतर तो माणूस जवळचा वाटू लागला.

पुढे बिहारमध्ये गंगेकाठी मोकामा घाटावर मालाच्या चढउताराचा ठेका त्यांनी घेतला. एका गाडीतला माल उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत भरायचा. यंत्र नाही, सारे काम डोक्यावर आणि पाठीवर. पहिल्याच वर्षी त्यांनी व त्यांच्या मजुरांनी सुमारे पाच लाख टन माल हलवला. कॉर्बेट नुसते उभे राहून हुकूम सोडणारे ठेकेदार नव्हते, ते मजुरांच्या बरोबरीने राबत. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी हे काम केले. तालमीत न जाता कमावलेले शरीर कसे असते ते पाहायचे तर आपल्या गावचा हमाल पाहावा. कॉर्बेट यांचे शरीर त्याच जातीचे होते.

१९०७ साली त्यांच्यावर चंपावतच्या वाघिणीचे काम आले. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून या वाघिणीने ४३६ माणसे मारली होती. कॉर्बेट यांनी दोन अटी घातल्या. वाघिणीवर लावलेले इनाम रद्द करावे आणि बाकीच्या शिकाऱ्यांना मागे बोलवावे. इनामासाठी शिकार करणारा असा शिक्का त्यांना नको होता. सुमारे ३०० गावकऱ्यांच्या मदतीने हाका घालून त्यांनी ती वाघीण मारली. तिचे जबडे पाहिले तेव्हा एका बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले. कोणाच्या तरी जुन्या गोळीने ही जखम झाली होती. तिला नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली होती. वाघ मुळात माणसाचा वैरी नाही, त्याला बहुधा माणसाचीच जखम नरभक्षक करते, हे कॉर्बेट यांनी जन्मभर सांगितले. १९१० मध्ये त्यांनी पनारचा बिबळ्या मारला. त्याच्या नावावर ४०० बळी होते.

पहिल्या महायुद्धात ५०० कुमाऊँनी जवान घेऊन ते फ्रान्सला गेले आणि नंतर वझिरीस्तानात होते. परत आले तेव्हा वयाची चाळिशी उलटून गेली होती. सर्वसाधारण माणूस या वयात बंदूक खुंटीला टांगतो. कॉर्बेट यांच्या अवघड कामगिऱ्या तर पुढेच होत्या, आणि शरीराची परीक्षाही.

पहिली परीक्षा रुद्रप्रयागची. केदारनाथ आणि बदरीनाथच्या यात्रामार्गावर एका बिबळ्याने १९१८ पासून आठ वर्षे धुमाकूळ घातला होता. सरकारी नोंदीप्रमाणे त्याचे बळी १२५. सूर्य मावळला की सुमारे ५०० चौरस मैलांच्या मुलखात दारे बंद होत. कोणी आजारी असो की कोणी बाळंतीण अडलेली असो, पहाटेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. आजही आपल्याकडे जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचे भय आहे. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी दिवा का जळत असतो, हे त्या भागातल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. गढवालात तर ती अवस्था रोजची आणि घरोघरची होती. १९२५ च्या शरद ऋतूत कॉर्बेट तेथे पोहोचले. दिवसा डोंगर चढून माग काढायचा आणि रात्री जागायचे असा क्रम सुरू झाला. अलकनंदेवरच्या झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावर बोचऱ्या वाऱ्यात त्यांनी २० रात्री काढल्या. बिबळ्या आला नाही. अनेक आठवड्यांच्या जागरणाने शरीर आणि मन दोन्ही थकली. थकलेल्या माणसाचे कान दगा देतात, आणि अंधारात कान हाच शिकाऱ्याचा डोळा. तेव्हा त्यांनी काही काळ माघार घेतली.

या माघारीत मला फार मोठेपण दिसते. लोक मरत असताना परत फिरणे सोपे नव्हते. तथापि मोडक्या शरीराने हट्ट धरला असता तर बळींच्या यादीत आणखी एका नावाची भर पडली असती, एवढेच. विश्रांती घेऊन १९२६ च्या वसंतात ते पुन्हा आले. गोलाबराय येथे यात्रेकरूंच्या वाटेकडेच्या आंब्यावर त्यांनी ओळीने रात्री काढल्या. खाली गळ्यात घुंगूर बांधलेली बकरी होती. अकराव्या रात्री घुंगूर जोरात वाजले, विजेरीचा झोत पडला आणि एकच गोळी सुटली. मे महिन्याच्या सुरुवातीची ती रात्र होती. सकाळी पाहिले तर तो एक म्हातारा बिबळ्या होता. त्या रात्रीनंतर गढवालातली दारे उघडी राहू लागली. कॉर्बेट तेव्हा ५० वर्षांचे होते.

दुसरी परीक्षा १९२९ ची. त्या वर्षी फेब्रुवारीत तराईच्या जंगलात शिकार चालू असताना एका सोबत्याची जड रायफल त्यांच्या कानाजवळच उडाली. कानाचा पडदा गेला आणि आत गळू झाले. डॉक्टरी उपाय चालेनात. डोके आणि मान सुजली, एक डोळा मिटला. याच वेळी नेपाळच्या सीमेलगतच्या तल्ला देश भागातून नरभक्षकाच्या तक्रारी आल्या होत्या. अंथरुणावर पडून वेदना सोसण्यापेक्षा चालत राहून सोसाव्यात असे ठरवून एप्रिलमध्ये ते टनकपूरमार्गे डोंगरात शिरले. तेथे वाघीण जखमी होऊन निसटली. जखमी नरभक्षकाला तसेच सोडून जाणे त्यांच्या नीतीत बसणारे नव्हते. एका रात्री झाडावर असतानाच गळू फुटले आणि डोके हलके झाले. मग त्यांनी दिवसामागून दिवस तिचा माग काढला आणि तिला मारूनच ते परतले. ज्या माणसाचा सगळा भरवसा कानावर, त्याने कान गेलेला असताना हे काम केले. याला कोणी अविचार म्हणेल. वैद्यकाच्या दृष्टीने तो अविचार होताही. पण त्या डोंगरातल्या माणसांना दुसरे कोणी नव्हते.

पुढच्याच वर्षी, ११ एप्रिल १९३० रोजी, चौगडची वाघीण त्यांच्या समोर आली ती काही फुटांवर. त्या वेळी त्यांच्या डाव्या हातात एका पक्ष्याची दोन अंडी होती, कारण पक्ष्यांची अंडी जमवण्याचा त्यांना नाद होता. अंडी न टाकता, एका हाताने रायफल हळूहळू फिरवत त्यांनी गोळी झाडली. हाताच्या झटक्याने वाघीण सावध झाली असती. शिकाऱ्याची ताकद वजन उचलण्यात नसते, स्नायू ताब्यात ठेवण्यात असते, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये ठाकच्या वाघिणीला त्यांनी स्वतः वाघाची हाक देऊन बोलावले आणि मावळत्या उजेडात मारले. त्या वेळी त्यांचे वय ६३ होते. ती त्यांची शेवटची नरभक्षक.

तिसरी परीक्षा सर्वांत कठीण ठरली. दुसऱ्या महायुद्धात सैनिक भरतीचे काम करताना त्यांना गोचिडीपासून होणारा टायफस ताप आला. आग्ऱ्याच्या इस्पितळात ते तीन महिने होते. शरीराचा सापळा उरला. यापुढे चाकाच्या खुर्चीतच दिवस काढावे लागतील असे डॉक्टरांनी सांगितले. पण कॉर्बेट उठले. हळूहळू पुन्हा चालू लागले, पुन्हा जंगलात जाऊ लागले. १९४४ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा घेऊन ते छिंदवाड्याला दाखल झाले. आपल्या नागपूरपासून हे ठिकाण फार लांब नाही. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणाऱ्या तरुण सैनिकांना त्यांनी तेथे जंगलात कसे जगावे हे शिकवले. वारा कसा ओळखावा, पाणी कोठे शोधावे, पाखरांच्या हाकेवरून माणसाची चाहूल कशी घ्यावी, हे सगळे कालाढुंगीचेच धडे होते. या वेळी त्यांच्या विद्येने वाघ मारायचा नव्हता, पोरे वाचवायची होती.

त्याच १९४४ साली त्यांचे कुमाऊँच्या नरभक्षकांवरचे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने मुंबईहून प्रसिद्ध केले आणि ते जगभर गेले. त्याचे पहिले उत्पन्न कॉर्बेट यांनी युद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांच्या संस्थेला दिले.

कॉर्बेट यांचे सगळेच गोड मानावे असे नाही. तरुणपणी त्यांनीही हौसेची शिकार केली. लॉर्ड लिनलिथगोंसारख्या व्हाइसरॉयशी त्यांचा स्नेह होता आणि अशा बड्या पाहुण्यांसाठी शिकारीचे बेतही त्यांनी आखले. ते इंग्रजी राज्याचे माणूस होते, हे विसरून चालणार नाही. पण याच माणसाने पुढे बंदुकीऐवजी सिनेमाचा कॅमेरा हाती घेतला आणि वाघ संपतील असा इशारा दिला. १९३६ साली हेली नॅशनल पार्क स्थापन झाले त्यातही त्यांचा वाटा होता. कालाढुंगीजवळच्या छोटी हल्द्वानी गावात त्यांनी कुळे वसवली, रानडुकरांपासून पिके राखण्यासाठी गावाभोवती दगडी भिंत घातली. पहाडातली माणसे त्यांना प्रेमाने कारपेट साहेब म्हणत.

१९४७ च्या अखेरीस ते बहीण मॅगी हिच्यासह केनियाला गेले. दोघांनीही लग्न केले नव्हते. न्येरी येथे १९ एप्रिल १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे हेली पार्कला त्यांचे नाव देण्यात आले आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ तेथूनच झाला. त्याच्या आदल्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला होता. हौसेच्या शिकारीचे दिवस संपले, ते बरेच झाले.

आता कोणी शिकारीच्या हंगामाची तयारी करत नाही. पण शरीर कमावण्याची हौस आपल्या पिढीत मोठी आहे. पोलीस भरतीची तारीख लागली की गावोगावी पहाटेच्या धावपट्ट्या भरतात आणि भरती संपली की ओस पडतात. परीक्षेच्या अभ्यासाचेही तसेच. आपली सगळी तयारी हंगामी असते, कारण ती आपल्यापुरती असते. कॉर्बेट तीनदा खचले आणि तीनदा उठले. प्रत्येक वेळी कोठेतरी, कोणाच्या तरी बंद दाराआड माणसे त्यांची वाट पाहत होती. आपले आईबाप शेतात आणि गिरणीत राबून आपल्याला येथे पाठवतात, तेव्हा तेही कसली तरी वाट पाहत असतात. ती वाट पाहणे ज्याच्या ध्यानात राहते, त्याला हंगाम लागत नाही.